अर्जाचा मजकूर आणि अर्जाचा साचा

औपचारिक पत्रलेखन शिकताना आपण मायना, विषय, संदर्भ आणि समारोप यांच्या जागा आधी पाठ करतो. नेमके काय मागायचे आहे, याचा विचार मागाहून होतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे आणि त्याची किंमत अर्जदाराला मोजावी लागते.

समजा, वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यात एका शेतकरी महिलेच्या सोयाबीनचे अतिवृष्टीने नुकसान झाले आणि पंचनाम्यातून त्यांचा गट सुटला. तहसील कार्यालयाबाहेरच्या टायपिंगच्या दुकानात त्यांना अर्ज करून मिळेल. परंतु तो बहुधा कोणाच्या तरी जुन्या अर्जावर नाव बदलून केलेला असेल. ‘विनम्र विनंती’ तीनदा येईल आणि गट क्रमांक आधीच्या अर्जदाराचा तसाच राहील. असा देखणा कागद काय कामाचा?

म्हणून आधी साध्या मजकुरात टिपणे करावीत. मोबाइलवर, युनिकोडमध्ये, एकेका ओळीत: कोणाला, कशाबद्दल, नुकसानीची तारीख, गट क्रमांक, बाधित क्षेत्र, पंचनाम्याचा दिवस, मागणी. ठळक अक्षरे नकोत, समासांची चिंता नको. जी ओळ रिकामी राहते, तेथे माहितीच अपुरी आहे, हे लगेच कळते.

या टिपणांचे पत्र करण्याचे काम अक्षरजुळणीच्या संगणकप्रणालीकडे द्यावे. डोनाल्ड क्नुथ यांनी 1978 मध्ये ‘टेक’ ही प्रणाली सिद्ध केली. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1980 च्या दशकात ‘लेटेक’ रचली. दोन्ही विनामूल्य आहेत. लेटेकमध्ये पत्ता, मायना, मजकूर, समारोप हे भाग केवळ नावांनी दर्शवायचे. कागदावरील त्यांची जागा प्रणाली ठरवते. देवनागरीसाठी युनिकोड जाणणारी ‘झीटेक’ वापरावी. मूळ पत्रसाच्यात आपल्या ‘विषय’ व ‘संदर्भ’ या ओळी नसतात. त्या एकदाच जोडून घ्याव्या लागतात. भाषा मराठी आहे असे नोंदवले आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात. हे सारे शिकताना आरंभी चिडचिड होते, हे खरे. एकाच अर्जासाठी हा खटाटोप करू नये. पण बचत गटाचा किंवा ग्रामपंचायतीचा पत्रव्यवहार ज्यांच्याकडे आहे, त्यांनी अवश्य करावा.

मजकूर आणि साचा यांतील हा भेद वाशीमला परका नाही. वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथून दिलेला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट 1939 मध्ये सापडला. त्यात राजवंशावळीचा भाग संस्कृतात आहे, तर दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात. मला त्यात एक व्यवहारी शहाणपण दिसते: थाट ठरीव भाषेत, काम लोकांच्या भाषेत.

अर्थात प्रणालीला मराठी कळत नाही. ‘महोदय’ की ‘महोदया’, ‘आपला’ की ‘आपली विश्वासू’, पहिल्या पत्रात विनंती आणि तिसऱ्या स्मरणपत्रात मागणी, हा विवेक भाषेच्या विद्यार्थ्याचाच. साच्यातून पत्र बाहेर आले, की सही करण्यापूर्वी ते मोठ्याने वाचावे आणि गट क्रमांक सातबाऱ्याशी ताडून पाहावा.