चोपण रान आणि भिंतीवरचा तक्ता

दहावीच्या मुलामुलींना मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीचा धडा आला, की घरोघरी पाठांतर सुरू होते. हायड्रोजन, हेलियम, लिथियम… ११८ चौकोनांचा तो तक्ता पाहून लेकरे दमतात आणि विचारतात, याचा आपल्याला उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आज आम्ही बारामती-इंदापूरच्या रानात शोधणार आहोत.

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. वीरपासून निघालेले हे पाणी बारामती आणि इंदापूर तालुक्यांत पोहोचले, दुष्काळी माळावर ऊस उभा राहिला, पुढे साखर कारखाने आले. परंतु भारी काळ्या जमिनीत पाणी जितके दिले जाते तितके निचरून जात नाही. जमिनीखालचे पाणी वर चढते, उन्हाने त्याची वाफ होते आणि त्यात विरघळलेले क्षार मातीत मागे राहतात. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवर पुस्तिका लिहिली. कालव्याला तेव्हा पुरी तीस वर्षेही झाली नव्हती!

अशा जमिनीचे दोन प्रकार शेतकरी ओळखतो. उन्हाळ्यात जिच्यावर पांढरा थर येतो ती खारवट. ओली असता निसरडी आणि वाळली की दगडासारखी होते ती चोपण. चोपणात पाणी वर साचून राहते, वापसा येत नाही, बेणे कुजते. खारवट जमिनीतले क्षार निचऱ्याची सोय असल्यास भरपूर पाण्याने धुऊन निघतात. चोपणाचे तसे नाही. तिथे सोडियम मातीच्या कणांनाच धरून बसलेला असतो. त्याला हलवावे कसे? इथे तो तक्ता कामाला येतो.

तक्त्यात मूलद्रव्ये अणुक्रमांकाने ओळीत मांडली आहेत. अणुक्रमांक म्हणजे अणूच्या केंद्रातील प्रोटॉनची संख्या. मात्र खरी गंमत उभ्या रकान्यांत आहे. या रकान्यांना गण म्हणतात. पहिल्या गणात लिथियम, सोडियम, पोटॅशियम एकाखाली एक बसतात, कारण प्रत्येकाच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो. सोडियमची मांडणी २, ८, १ आणि पोटॅशियमची २, ८, ८, १. दुसऱ्या गणातील मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांच्याकडे असे दोन इलेक्ट्रॉन असतात. अणूचा बाहेरच्यांशी व्यवहार मुख्यतः या शेवटच्या कवचातून होतो. म्हणून रकाना कळला, की स्वभाव बराचसा कळतो. पहिल्या गणातील धातू एक इलेक्ट्रॉन देऊन एक धन भार घेतो, दुसऱ्या गणातील दोन देऊन दोन.

आता मातीकडे वळू. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. कॅल्शियम दोन भारांनी त्यांना घट्ट धरतो, कण एकमेकांजवळ येऊन त्यांचे रवाळ पुंजके होतात आणि मधल्या फटींतून हवा-पाणी खेळते. सोडियमकडे भार एकच आणि भोवती पाण्याचे वेटोळे. त्याच्याने कण एकत्र राहत नाहीत. ते सुटे होऊन फटी बुजवतात. चोपण म्हणतात ते हेच.

मग उपाय उघड आहे. पहिल्या गणातल्याला उठवायला दुसऱ्या गणातला आणायचा. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. जमिनीत मिसळून पाणी दिले, की कॅल्शियम मातीच्या कणांवर जागा घेतो आणि सोडियम सुटून सोडियम सल्फेटच्या रूपाने पाण्यात येतो. हे पाणी चरांतून रानाबाहेर गेले पाहिजे. निचरा नसेल तर सोडियम तिथेच राहील आणि जिप्समचा पैसा वाया जाईल. ज्या जमिनीत चुनखडी मुळातच भरपूर आहे तिथे गंधकही चालते. मातीतील जिवाणू गंधकाचे आम्ल करतात आणि ते चुनखडीतला कॅल्शियम मोकळा करते. किती आणि काय टाकायचे, हे माती परीक्षणानंतरच ठरवावे.

एका रकान्यातले सगळे अगदी सारखे असतात असे मात्र समजू नये. खाली जावे तसा अणू मोठा होतो आणि बाहेरचा इलेक्ट्रॉन सैल होतो. लिथियम पाण्यात शांतपणे बुडबुडे सोडतो, सोडियम सळसळत पळतो, पोटॅशियम पेट घेतो. म्हणून उसाला पालाश हवा असतो, पण त्याच रकान्यातला सोडियम साठला तर पीक जळते.

याच नातेसंबंधाचा धोका आणि उपाय जगाने १९८६ साली चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातानंतर पाहिला. रानावर पडलेला किरणोत्सारी सीझियम पहिल्याच गणातला, म्हणून पिकाची मुळे त्याला पोटॅशियमच्या वाटेने आत घेत होती. तेव्हा शेतांत पालाशयुक्त खत जादा देऊन सीझियमचे शोषण कमी केले गेले. बेलारूसचे रान असो की इंदापूरचे, रकान्याचा हिशेब एकच.

रशियाच्या मेंडेलीव्हने १८६९ साली हा तक्ता अणुभाराच्या क्रमाने मांडला, तेव्हा ६३ मूलद्रव्ये ठाऊक होती. स्वभाव जुळत नसेल तिथे त्याने ओढूनताणून कुणाला बसवले नाही, जागा रिकामी ठेवली आणि तिथे येणाऱ्याचे गुणधर्म आधीच लिहून ठेवले. १८७५ साली गॅलियम, १८७९ साली स्कँडियम आणि १८८६ साली जर्मेनियम सापडले आणि त्या जागा भरल्या. पुढे १९१३ साली मोस्ले याने दाखवून दिले, की खरा क्रम अणुभाराचा नसून अणुक्रमांकाचा आहे.

वाचकहो, माती परीक्षणाचा अहवाल बहुतेक घरांत कपाटात पडून असतो. या रविवारी तो बाहेर काढा आणि मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश ही नावे तिला तक्त्यात दाखवायला सांगा. कोण कोणत्या रकान्यात आहे आणि म्हणून मातीत काय करतो, हे तिनेच तुम्हाला समजावून सांगावे. परीक्षेची तयारी होईल, आणि खताच्या दुकानात जाऊन काय मागायचे हेही घरात कुणाला तरी ठाऊक असेल.