विश्लेषण : पीएचडीच्या संदर्भसूचीसाठी झोटेरो, मेंडेले की एंडनोट?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमधील अनेक प्राध्यापक नोकरी आणि लोकलचा प्रवास सांभाळून पीएचडी करतात. प्रबंधातले शेकडो संदर्भ सांभाळायला कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

गरज काय?
हे सॉफ्टवेअर संदर्भ साठवते, लिहिताना जागच्या जागी टाकते आणि सूची तयार करते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास प्रबंध सुधारून द्यावा लागतो. ६० टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते. योग्य श्रेय दिलेले उतारे मात्र मोजणीतून वगळले जातात. म्हणून हरवलेला संदर्भ महागात पडतो.

फरक कोणता?
झोटेरो मोफत आणि मुक्तस्रोत आहे. ऑनलाइन साठवणुकीला ३०० एमबी मोफत मिळतात. एल्सेव्हियरचे मेंडेले २ जीबी देते, मात्र त्याचे मोबाइल अ‍ॅप २०२१ मध्ये बंद झाले. क्लॅरिव्हेटच्या एंडनोटला पैसे मोजावे लागतात.

मराठी संदर्भांचे काय?
जुनी मराठी पुस्तके आणि नियतकालिकांची माहिती आपोआप क्वचितच मिळते. तिन्हींत ती हाताने भरावी लागते.

मग निवड कशी करावी?
पीएचडी किमान तीन वर्षे चालते. तेवढ्या काळात कंपनीचे धोरण बदलू शकते, महाविद्यालयाने घेतलेला परवानाही संपू शकतो. स्वखर्चाने संशोधन करणाऱ्यांना झोटेरो सोयीचे. मार्गदर्शक दुसरे वापरत असतील तर तेही चालेल. मात्र दरमहा सगळे संदर्भ आरआयएस फाइलमध्ये उतरवून ठेवावेत. ही फाइल तिन्हींत उघडते.