सुनावणी गावाची, गैरहजेरी कोयत्याची!

साखर कारखान्याची गाळप क्षमता वाढवायची असली की एक सोपस्कार पार पाडावा लागतो. त्याचे नाव जनसुनावणी. 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार दिवसाला 5000 टन वा त्याहून अधिक गाळप करणाऱ्या कारखान्याला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळ 30 दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस देते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी बसतो. संचालक बोलतात, सरपंच बोलतात, बागायतदार बोलतात. फक्त ज्याच्या कोयत्यावर हा कारखाना चालतो, तोच त्या मांडवात नसतो!

तो असणार तरी कसा? हंगामात तो पहाटेपासून फडात असतो. हंगाम संपला की बीड, जालना, परभणीच्या आपल्या गावी परततो. सुनावणी आहे ती ‘स्थानिक’ बाधितांची. कारखान्याच्या हद्दीत पाच-सहा महिने कोपीत संसार मांडणारा माणूस मात्र कोणाच्याच दप्तरी स्थानिक नाही. कारखाना म्हणतो, तो आमचा कामगार नाही, मुकादमाचा आहे. मुकादम म्हणतो, उचल फेड, मग बोल. बौद्ध, मातंग, बंजारा, वंजारी अशा भूमिहीन आणि कोरडवाहू घरांतली ही माणसे कायद्याच्या दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत राहतात.

साधा हिशेब करून पाहू. समजा, एका कारखान्याची क्षमता 5000 टनांवरून 7500 टन होणार आहे. नवरा-बायकोची एक जोडी म्हणजे एक कोयता. तो दिवसाला दोन टन ऊस तोडतो असे धरले, तर वाढीव 2500 टनांसाठी 1250 कोयते लागतील. म्हणजे 2500 माणसे, शिवाय त्यांची लेकरे. हार्वेस्टर यंत्रे आली म्हणून हा आकडा थोडा कमी करा, पण तो शून्य होत नाही. प्रकल्प अहवालात सांडपाणी मोजले जाते, राख मोजली जाते, धुराड्याची उंची मोजली जाते. मग या माणसांचे पिण्याचे पाणी, संडास, लेकरांची शाळा आणि बाळंतिणीचा दवाखाना कोण मोजणार?

न मोजल्याची किंमत आमच्या आयाबहिणींनी दिली आहे. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्याची पाहणी आली. 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 महिलांची गर्भाशये काढलेली होती! पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, फडात आडोसा नाही, पाणी नाही. हा प्रश्न नुसता डॉक्टरांचा नाही. माणसांच्या मुक्कामाची सोय न पाहता कारखाने वाढवत नेणाऱ्या नियोजनाचाही आहे.

हे आम्ही सारसोळ्यात बसून लिहितो आहोत. इथे ना उसाचा फड, ना धुराडे. पण न विचारता केलेले नियोजन म्हणजे काय, हे या गावाला सांगावे लागत नाही. 1970 साली सिडको आली, ठाणे-पनवेल-उरणच्या 95 गावांवर नकाशा आखला गेला. ज्यांची शेती, खाडी आणि मिठागरे होती, त्यांना कोणी विचारले नाही. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. सारसोळ्याच्या भूमिपुत्राकडे निदान सातबारा होता. ऊसतोड्याकडे तोही नाही.

1919 साली बाबासाहेबांनी साऊथबरो समितीपुढे साक्ष दिली. मतदार कोणाला म्हणायचे, हा तिथे प्रश्न होता. मालमत्तेच्या अटीने आमचा समाज यादीबाहेर राहत होता. जे यादीत नाहीत त्यांच्या वतीने बाबासाहेब उभे राहिले. आज तेच काम आपल्याला छोट्या प्रमाणात करायचे आहे.

कारण याच अधिसूचनेत एक दार उघडे आहे. मांडवातले तोंडी म्हणणे स्थानिकांसाठी असले, तरी प्रकल्पाच्या पर्यावरणीय बाजूशी ज्यांचा वाजवी संबंध आहे, अशा इतरांना लेखी म्हणणे पाठवता येते. पाणी, सांडपाणी आणि आरोग्य या पर्यावरणाच्याच बाबी आहेत. तेव्हा ज्यांचे मामा, चुलते, भाऊ दरवर्षी दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर जातात, त्या नेरूळ-सारसोळ्यातल्या, ऐरोली-घणसोलीतल्या कार्यकर्त्यांनी हे पत्र लिहिले पाहिजे. हे दारही अरुंद होत चालले आहे. 2021 च्या अधिसूचनेने इंधनासाठीच्या इथेनॉल प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट मिळाली, हे विसरू नका.

आमचा कारखान्यांना विरोध नाही. शेतात ऊस उभा राहून वाळावा, असे कोणालाच वाटत नाही. मागण्या तीनच आहेत. वाढीव कोयते किती आणि ते राहणार कुठे, याचे स्वतंत्र प्रकरण अहवालात असावे. सुनावणी हंगाम संपल्यावर घ्यावी आणि तिची नोटीस मजूर जिथून येतात त्या ग्रामपंचायतींतही लावावी. पाणी, संडास, शाळा व दवाखाना या मंजुरीच्याच अटी असाव्यात, म्हणजे कारखान्याला दर सहा महिन्यांच्या अनुपालन अहवालात त्यांचे उत्तर द्यावे लागेल.

टनामागे 10 रुपये कापून कल्याण महामंडळ चालवणे ठीक आहे. पण कल्याण ही कोणाची मेहरबानी नव्हे. मंजुरीच्या कागदावर आमच्या माणसांची नोंद झाली पाहिजे. ती नोंद करून घेण्यासाठी आधी एक कागद आपण लिहू या. जयभीम!