लकव्याचा पेशंट घरी आला, पुढं काय?

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे, पण पूर्ण वाचा. आपल्या गावात अशी गल्ली दाखवा जिथं लकव्याचा एक तरी पेशंट खाटेवर पडून नाही.

लकव्याचा झटका आला की आपण धावतो. १०८ ला फोन, जिल्ह्याला भरती, योजनेच्या कार्डाची शोधाशोध. गुठळीचा झटका असेल तर साडेचार तासांत इंजेक्शन मिळायला हवं, हेही आता लोकांना कळायला लागलंय. चांगलंच आहे. पण आठ-दहा दिवसांनी डिस्चार्ज मिळतो आणि कागदावर शेवटी एक ओळ असते: ‘फिजिओथेरपी चालू ठेवा.’ कुणी ठेवायची? कुठं? कुणाच्या पैशानं? ते लिहिलेलं नसतं.

खरी लढाई तिथून सुरू होते. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, पण उरलेला भाग त्याचं काम शिकू शकतो. पहिल्या तीन महिन्यांत ही शिकण्याची ताकद सगळ्यात जास्त असते. आणि नेमके तेच तीन महिने आपला माणूस छताकडं बघत काढतो.

हिशेब करा. आमच्याकडं घरी येणारा फिजिओ एका वेळचे चारशे रुपये घेतो. महिन्यात पंचवीस वेळा आला तर दहा हजार. ज्या घरात कमावता माणूसच पडलाय, त्यांनी हे कुठून आणायचे? तालुक्याला न्यायचं तर रिक्षाचं भाडं वेगळं, दोघांची मजुरी बुडते ती वेगळी. चार खेपा होतात, मग बंद. त्यानंतर मालिशवाला, मग कुणीतरी सांगतं कबुतराचं रक्त चोळा. लोकांना अडाणी म्हणून हसू नका. दार वाजवून येणारा दुसरा कुणी नसेल तर जो येतो त्याच्यावर माणूस विश्वास ठेवतो.

महात्मा फुले योजना आणि आयुष्मान भारतचे फ्लेक्स चौकाचौकात आहेत. पण या योजना मुळात भरती झालेल्या पेशंटसाठी. डिस्चार्जनंतरचे मोजके दिवस सोडले तर घरच्या उपचाराला त्यात जागा नाही. म्हणजे माणूस जगवायला सरकार पैसे देणार, उभा करायला नाही!

काहीजण म्हणतील, घरच्यांना व्यायाम शिकवा, काम होईल. हा प्रयोग आपल्याच देशात झालाय. ‘अटेंड’ नावाचा अभ्यास, १४ दवाखाने, १,२५० पेशंट, २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. घरच्यांना शिकवून व्यायाम करून घेतले, सहा महिन्यांनी बघितलं तर फरक नाही. दोन्ही गटांत ४७ टक्के लोक एकतर दगावलेले किंवा परावलंबी. सुनेनं, बायकोनं हातभार लावायचाच आहे, लावतातच. पण जबाबदारी त्यांच्या पदरात टाकून सरकारला मोकळं होता येणार नाही. लुळा हात धरून ओढला तर खांदा निखळू शकतो, हे त्यांना सांगणार कोण? आपल्याच खाटेवरून उठायला, आपल्याच घराचा उंबरा ओलांडायला, आपल्याच संडासात बसायला शिकवायचं तर जाणकार माणूस घरीच यायला हवा.

आणि मी काही नवीन मागत नाहीय. वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम केंद्रानं २०१०-११ ला सुरू केला. सामुदायिक आरोग्य केंद्राच्या, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर पुनर्वसन कर्मचारी असावा आणि त्यानं अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांकडं घरी जावं, असं त्यात लिहिलंय. लिहिलेलं आहे, साहेब! तुमच्या दारात असा कुणी आला होता का? कमेंटमध्ये सांगा. आणि पन्नाशीच्या आतच ज्याला लकवा झाला, त्याचं काय, याचा तर कुणी विचारच करत नाही.

‘पैसा नाही’ हे उत्तर मला देऊ नका. एक माणूस खाटेवर पडला की त्याला सांभाळायला दुसरा घरी बसतो. पाठीला जखमा होतात, पुन्हा भरती होते, ते बिल पुन्हा योजनेतूनच जातं. एका फिजिओचा पगार आणि पेट्रोल यापेक्षा जास्त आहे का? आणि फिजिओची पदवी घेतलेली आपलीच पोरं-पोरी काम शोधत पुण्या-मुंबईला चाललीत.

तेव्हा तीन गोष्टी करा. एक, ग्रामीण रुग्णालयात माहिती अधिकारात अर्ज टाका: फिजिओ किंवा पुनर्वसन कर्मचाऱ्याचं पद मंजूर आहे का, भरलंय का, गेल्या वर्षी किती घरी भेटी झाल्या? दोन, ग्रामसभेत ठराव घ्या की आशाताईनं लकव्याच्या पेशंटची नोंद करावी आणि पहिले तीन महिने फिजिओ त्याच्या घरी यावा. तीन, मतं मागायला दारात येईल त्याला आधी हेच विचारा.

रस्ता, गटार, पाणी यावर आपण भांडतो, भांडलंच पाहिजे. पण त्या रस्त्यावरून पुन्हा चालता यावं, यासाठीही भांडायला शिकू. पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी आहेच.