सरकार सिनेमा दाखवते, अहवाल कधी वाचणार?

२६ जुलै २०१९. कारगिल विजय दिन. महाराष्ट्र सरकारने त्या दिवशी राज्यातील सुमारे ५०० चित्रपटगृहांत 'उरी' हा चित्रपट तरुणांना मोफत दाखवण्याचा कार्यक्रम आखला. कारगिलचे युद्ध १९९९ चे. 'उरी'ची कथा २०१६ च्या हल्ल्याची व त्यानंतरच्या कारवाईची. त्यातला नायक मेजर विहान शेरगिल काल्पनिक. म्हणजे एका युद्धाच्या स्मृतिदिनी दुसऱ्याच लढाईची रचलेली कथा, आणि दाखवणारे सरकार!

चित्रपट काढण्याचा हक्क निर्मात्याला आहे. घटनेच्या कलम १९ ने तो दिला आहे. आमचा आक्षेप शासनाच्या निवडीला आहे. कारगिलवर शासनाकडे के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल होता. घुसखोरीची खबर यंत्रणांना वेळेवर का लागली नाही, याची चिकित्सा त्यात आहे. २००० साली तो संसदेत मांडला गेला, तोही काही भाग गाळून. ज्या युद्धात ५२७ जवान शहीद झाले, त्याचा हा कागद किती तरुणांनी पाहिला? सिनेमात शत्रू असतो, शूर असतो, शेवटी विजय असतो. चूक कुणाची, हा प्रश्न नसतो. म्हणूनच तो सत्तेला सोयीचा.

चंद्रपूर-गडचिरोलीला हे दूरचे नाही. त्याच वर्षी १ मे रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस व त्यांच्या खासगी गाडीचा चालक ठार झाले. श्रद्धांजलीची भाषणे झाली. पण अशा रस्त्यावर जवानांना खासगी गाडीतून का जावे लागले? हे विचारणारा देशद्रोही नव्हे, तोच जवानांच्या बाजूचा.

त्याआधी एप्रिल २०१८ मध्ये दोन चकमकींत मिळून ४० जण मारले गेले. सरकारने ते मोठे यश म्हणून मांडले. गट्टेपल्लीचे आईबाप सांगत होते, आमची पोरे कसनासूरला लग्नाला निघाली होती. पोलिसांनी ते नाकारले. नक्षलवाद्यांनीही 'खबऱ्या' ठरवून आदिवासींचे मुडदे पाडले आणि आपल्या मृतांची स्मारके बांधली. दोन्हीकडच्या कथेत माडिया माणूस मुका.

कायदा मात्र मुका नाही. पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बजावले, की चकमकीत मृत्यू झाला तर गुन्हा नोंदवा, स्वतंत्र तपास करा, दंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी करा. लगेच बढत्या वाटू नका.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपतीने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. आता या युद्धाची कथा लिहिण्याची घाई सुरू होईल. ती कोण लिहिणार?

भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे उभे राहिले, ते दंतकथेच्या नव्हे, या पुराव्याच्या आधारावर. म्हणून आमची मागणी साधी आहे. जनजागरण मेळाव्यात नाटक जरूर दाखवा, पण आधी प्रत्येक चकमकीचा, प्रत्येक स्फोटाचा चौकशी अहवाल मराठीत आणि माडियात, मृतांच्या नावांसह, गावात वाचून दाखवा. पोलीस असो, नक्षलवादी असो की वाटेवरचा पोरगा, प्रत्येकाचे नाव उच्चारले गेले पाहिजे. आकड्यांना आई नसते, नावांना असते.