सयाजीरावांच्या ग्रंथालयात एक कार्यशाळा हवी

२०२५ साल उजाडले ते विज्ञानविश्वासाठी दोन मोठ्या बातम्या घेऊन. १ जानेवारीपासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ ही योजना सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० सरकारी संस्था, जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधक, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. पाठोपाठ १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत ५०,००० अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. दोन्ही गोष्टींचे स्वागतच करायला हवे. एखाद्या शोधनिबंधासाठी परदेशातल्या मित्राला रात्री संदेश पाठवण्याचे दिवस मी भोगले आहेत.

तरीही या दोन योजनांच्या मध्ये एक मोकळी जागा राहते. पहिली योजना संस्थेचे ओळखपत्र असलेल्यांसाठी आहे आणि दुसरी सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. दहावीनंतर शाळा सुटलेला तरुण, पदवी घेऊन घरी बसलेली मुलगी, स्वतःच्या अवजारात सुधारणा करू पाहणारा कारागीर, निवृत्त तंत्रज्ञ हे दोन्ही कुंपणांच्या बाहेर आहेत. त्यांच्यासाठी यंत्र कुठे आहे? माझे उत्तर असे, की ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात असावे, आणि त्या दालनाचे दार विद्यापीठाबाहेरच्या कोणालाही उघडे असावे.

जगात याला मेकरस्पेस म्हणतात. मी खुली कार्यशाळा म्हणेन. थ्री-डी प्रिंटर, लेझर कटर, सोल्डरिंगची टेबले, मोजमापाची उपकरणे, शिलाई मशीन, साधी हत्यारे, आणि ती वापरायला शिकवणारा माणूस असे एक दालन. अमेरिकेत नेवाडा विद्यापीठाच्या रीनो येथील डीलामेअर विज्ञान ग्रंथालयाने २०१२ मध्ये थ्री-डी प्रिंटर अशा रीतीने सर्वांच्या हाती दिला, बाहेरच्या नागरिकांच्याही. हेलसिंकीचे ओडी हे सार्वजनिक ग्रंथालय २०१८ च्या डिसेंबरात उघडले, त्यात पुस्तकांइतक्याच सहजतेने शिलाई मशीन आणि प्रिंटर मांडलेले आहेत. ही उदाहरणे दिली की आपल्याकडे लगेच ‘ते श्रीमंत देश’ असे म्हटले जाते. म्हणून मी वाराणसीकडे वळतो. तिथे या कल्पनेची सामग्री बरीचशी आधीपासून पडून आहे, आणि तिच्यात मराठी हात मोठा आहे.

मणिकर्णिकेच्या उत्तरेला, सिंधिया आणि गंगामहाल घाटांच्या पुढे, भोसले घाट आहे. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बांधला. वर लक्ष्मीनारायणाचे मंदिर आणि गढीसारखी भक्कम दगडी वास्तू आहे. खाली पायऱ्यांशी नावा बांधलेल्या असतात. एका परिषदेसाठी गेलो असता तिथे एका नावाड्याशी बोलणे झाले. त्याच्या इंजिनाला थंड पाणी पुरवणाऱ्या पंपातली पंख्यासारखी छोटी रबरी चकती झिजली होती. ती सुटी मिळत नव्हती, अख्खा पंप घ्यावा लागणार होता. तो जुन्या टायरचा तुकडा सुरीने कोरून तशीच चकती करत बसला होता. पात्यांची संख्या त्याने बरोबर राखली होती. मधले भोक मात्र किंचित एका बाजूला गेले होते, आणि ते त्यालाही कळत होते.

अशा प्रसंगी आपण ‘जुगाड’ म्हणून कौतुक करतो. मला त्या कौतुकाचा अलीकडे राग येऊ लागला आहे. त्या माणसाला भूमिती कळत होती, पदार्थाचा गुणधर्म कळत होता, चूक कुठे आहे हेही कळत होते. नव्हते ते एक व्हर्निअर कॅलिपर आणि लवचिक प्लास्टिक वापरणारा एक प्रिंटर. आज साधा प्रिंटर वीस-तीस हजार रुपयांत मिळतो. मोजमाप घेणे, संगणकावर आकृती काढणे, छापणे हे मिळून एका दुपारचे काम. पहिला नमुना बसला नसता तर दुसरा, तिसरा. चुकण्याची किंमत कमी झाली की माणूस प्रयोग करू लागतो, मग तो भौतिकशास्त्रज्ञ असो वा नावाडी.

सामान्य माणसाला ही संगणकी यंत्रे झेपतील का, हा प्रश्न बनारसमध्ये तरी विचारू नये. इथल्या विणकराच्या जकार्ड मागावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. छिद्र असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. हो आणि नाही, एवढ्या दोनच अक्षरांत लिहिलेली ही आज्ञावली आहे. जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ मध्ये हे यंत्र सिद्ध केले आणि चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी तिथूनच कल्पना उचलली. साडीवरची कोयरी कागदाच्या चौकटींवर उतरवणारा नक्शाबंद हे चित्राचे सांकेतिक भाषेत रूपांतर पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. त्याला लेझर कटरची ओळख व्हायला किती वेळ लागेल?

भोसले घाटापासून पाच-सहा किलोमीटर दक्षिणेला, लंकेच्या फाटकातून आत गेले की काशी हिंदू विद्यापीठाचे मध्यवर्ती ग्रंथालय लागते. त्याची सुरुवात १९१७ मध्ये झाली ती प्राध्यापक पां. का. तेलंग यांनी वडिलांच्या स्मरणार्थ दिलेल्या संग्रहातून. वडील म्हणजे न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग, भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतरकार. पुढे पंडित मदनमोहन मालवीय १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. तिथल्या ब्रिटिश म्युझियमच्या वर्तुळाकार वाचनकक्षाचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवून नवी इमारत झाली, १९४१ मध्ये, आणि तिला पैसा दिला बडोद्याच्या महाराजा सयाजीराव गायकवाडांनी. महाराज १९३९ मध्ये निवर्तले. स्वतःच्या नावाचे हे ग्रंथालय त्यांनी पूर्ण झालेले पाहिले नाही.

सयाजीरावांचे नाव इथे शोभेसाठी घेत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या या राजाने दोन कामे केली. १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले, पेट्यांतून पुस्तके खेड्यांत पाठवली. त्याच्या वीस वर्षे आधी, १८९० मध्ये, त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती कलाभवन सोपवले. देशी भाषेतून रंगकाम, यंत्रकाम, विणकाम शिकवणारी ती संस्था होती. (दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले ते तिथेच.) एकाच माणसाच्या दोन देणग्या, ग्रंथालय आणि कार्यशाळा. मात्र दोन इमारतींत, दोन खात्यांत, दोन प्रकारच्या विद्यार्थ्यांसाठी त्या वेगळ्याच राहिल्या. पुस्तक वाचणारा आणि हत्यार धरणारा हे निराळे लोक असतात हा आपल्या समाजाचा जुना समज त्यामागे आहे. केवळ प्रशासनाची सोय नाही.

कार्यशाळा ग्रंथालयातच का, अभियांत्रिकी विभागात का नको, असे कोणी विचारील. विभागाची यंत्रशाळा अभ्यासक्रमाला बांधलेली असते. तिथे जाणाऱ्याला ‘कोणत्या प्रकल्पासाठी?’ असे विचारले जाते, आणि विचारणे योग्यही असते. ग्रंथालय ही एकच जागा अशी आहे जिथे वस्तू हाती देताना हेतू विचारत नाहीत. कादंबरी कशासाठी हवी, असे कोणता ग्रंथपाल विचारतो? वस्तू देणे, परत घेणे, नोंद ठेवणे, रांग सांभाळणे आणि नवख्याला न लाजवता मदत करणे ही कसबे ग्रंथपालांकडे तयार आहेत. याच ग्रंथालयात १९४५ ते १९४७ या काळात शि. रा. रंगनाथन ग्रंथपाल होते. त्यांच्या पाच नियमांतला पहिला सांगतो, की ग्रंथ वापरण्यासाठी असतात. आज हे बाळबोध वाटते, पण मध्ययुगीन युरोपात पुस्तके साखळदंडांनी फळ्यांना बांधलेली असत, याची आठवण रंगनाथन या नियमापाशी देतात. आपल्याकडे साखळीची जागा काचेच्या कपाटाने घेतली आहे. मी पाहिलेल्या एका संस्थेत थ्री-डी प्रिंटरवर मखमली आवरण होते, आणि ते पाहुण्यांच्या भेटीच्या दिवशी निघत असे.

‘सर्वांसाठी खुले’ अशी पाटी लावणे सोपे असते. घाटाच्याच बाबतीत पाहा. पायऱ्या राजाने बांधल्या म्हणून त्या सगळ्यांच्या झाल्या असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. कोणत्या पायरीवर कोणी उभे राहायचे याचे नियम दगडात कोरावे लागत नव्हते. खुल्या कार्यशाळेतही असे न लिहिलेले नियम आपोआप तयार होतात. फाटकावरचा पहारेकरी कपडे पाहून थांबवतो. अर्ज इंग्रजीत असतो. वेळ सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, म्हणजे मजुरीवर जाणाऱ्याला आणि दुकान सांभाळणाऱ्याला कधीच न जमणारी. दालनात दहा मुलगे एका यंत्राभोवती उभे असतील तर एकटी आलेली मुलगी दारातूनच मागे वळते. यंत्रखरेदीच्या निविदेपेक्षा या गोष्टींवर अधिक डोके चालवावे लागेल.

खुल्या दाराने काय होते, याचा आपल्या देशातला पुरावा दर वर्षी २८ फेब्रुवारीला आपण साजरा करतो, फक्त त्या अंगाने त्याकडे पाहत नाही. १९०७ मध्ये कलकत्त्यात वित्त खात्यात रुजू झालेला अठरा वर्षांचा चंद्रशेखर वेंकट रामन हा संशोधक नव्हता, सरकारी अधिकारी होता. बोबाजार रस्त्यावर डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेल्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सचे दार त्याने ठोठावले आणि आशुतोष डे यांनी ते उघडले. पुढची दहा वर्षे रामन कचेरीच्या आधी आणि नंतर तिथे प्रयोग करत राहिले. प्राध्यापक झाले ते १९१७ मध्ये. त्या दारावर ‘केवळ विद्यापीठाच्या सदस्यांसाठी’ असे लिहिलेले असते तर काय, याचा विचार प्रत्येक कुलगुरूंनी एकदा तरी करावा.

आक्षेप खरे आहेत. यंत्रे मोडतील. मोडू द्यावीत, न वापरलेला प्रिंटरही पाच वर्षांत भंगारातच जातो. पहिले सहा महिने लोक किल्लीच्या साखळ्या आणि गणपती छापतील, तेही चालेल, कारण वाचनाची सुरुवात कोणी प्रबंधाने करत नाही. स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी आवाजाची तक्रार करतील, ती मात्र रास्त असेल. दालन वाचनकक्षापासून दूर हवे. सुरक्षेचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. लेझरखाली चुकून पीव्हीसीचा तुकडा गेला तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, फुप्फुसाला आणि यंत्राला दोघांनाही घातक. म्हणून टप्पे करावेत. हातहत्यारे आणि मोजमापाची साधने पहिल्या दिवसापासून, सोल्डरिंग तासाभराच्या प्रशिक्षणानंतर, आणि लेझर फक्त प्रशिक्षकाच्या हाताने.

तो प्रशिक्षक हाच खरा खर्च आहे. अटल प्रयोगशाळेसाठी शाळेला पाच वर्षांत २० लाखांपर्यंत अनुदान मिळते. त्यातून यंत्रे येतात. पण यंत्र एकदा विकत घ्यावे लागते आणि माणसाला दरमहा पगार द्यावा लागतो, त्यामुळे आपली अंदाजपत्रके यंत्रापाशी थांबतात. पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम याला अपवाद आहे. डॉक्टर श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला आणि एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये तिथे आली. ती रुजली, कारण यंत्रे येण्याआधी जवळपास वीस वर्षे शाळा सुटलेली मुले तिथे वेल्डिंग करत होती, जमिनीचा विद्युतरोध मोजून विहिरीची जागा सुचवत होती. शिकवणारी माणसे आणि गावातले प्रश्न आधी होते, लेझर कटर मागाहून आला. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुकामध्ये पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिलेली मुक्तांगण विज्ञान शोधिका याच जातकुळीची. अरविंद गुप्तांच्या काड्यापेट्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबने तिथे जे साधले, ते महागड्या यंत्रांनी अनेक ठिकाणी साधलेले नाही. फक्त ती मुलांसाठी आहे, आणि मी मोठ्यांसाठी मागतो आहे.

वाराणसीत सुरुवात रविवारपासून करता येईल. एक दालन, दोन प्रिंटर, चार सोल्डरिंगची टेबले, बंदिस्त हत्यारांऐवजी भिंतीवर टांगलेली हत्यारे, आयटीआय झालेला पूर्ण वेळ पगारी प्रशिक्षक आणि त्याच्या जोडीला आळीपाळीने पीएचडीचे विद्यार्थी. आठवड्यातली एक संध्याकाळ फक्त स्त्रियांसाठी. एकपानी अर्ज हिंदीत, त्यात शिक्षणाचा रकाना नको. साहित्याचे पैसे वजनावर घ्यावेत, वेळेचे घेऊ नयेत. आणि लंकेच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला लेखी आदेश असावा, की कोणी ‘कार्यशाळेत जायचे आहे’ म्हटले तर रस्ता दाखवायचा. भोसले घाटावरून गल्ल्या तुडवत गोदौलियाला यायचे आणि तिथून रिक्षाने लंका, यात सकाळचा तासभर सहज जातो. नावाड्याची तेवढ्या वेळातली एक फेरी बुडते.