पाकिटावरचा लाल आकडा

परदेशाहून पत्र आलं की पाकिटाचा तिकिटाकडचा कोपरा कापायचा आणि पाण्यात भिजत घालायचा, हा तिकिटं जमवणाऱ्या घरांतला जुना शिरस्ता. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिका-इंग्लंड टपालाचे संग्राहक मात्र अख्खं पाकीट जपतात. कारण पत्राची हकिकत तिकिटापेक्षा शिक्क्यांतच जास्त असते.

१८४० साली क्युनार्डच्या आगबोटी लिव्हरपूलहून हॅलिफॅक्स आणि बोस्टनला नियमित टपाल नेऊ लागल्या. हशील अर्ध्या औंसाला एक शिलिंग. १८४७ मध्ये अमेरिकेची ‘वॉशिंग्टन’ ही टपालबोट निघाली, तेव्हा ब्रिटिश टपाल खात्यानं तिच्यातल्या पत्रांवरही आपल्या बोटीचंच हशील आकारलं. न केलेल्या वाहतुकीचे पैसे! जून १८४८ मध्ये अमेरिकेनं कायदा करून जशास तसं केलं. दुष्काळानं देशोधडीला लागलेले आयरिश लोक त्याच वर्षांत अमेरिकेत उतरत होते. भांडण दोन सरकारांचं, भुर्दंड मात्र पत्र लिहिणाऱ्याला.

डिसेंबर १८४८ मध्ये दोघांत करार झाला आणि फेब्रुवारी १८४९ पासून दर ठरला २४ सेंट. त्यातले ५ अमेरिकेतल्या वाहतुकीचे, १६ समुद्रप्रवासाचे, ३ ब्रिटनमधल्या वाहतुकीचे. बोस्टनमध्ये पैसे भरलेलं पत्र ब्रिटिश बोटीनं गेलं, तर ब्रिटनला १९ सेंट द्यायचे. अमेरिकी बोटीनं गेलं, तर फक्त ३. हा हिशेब पाकिटावरच लाल शिक्क्यानं उमटे. म्हणून तो आकडा पाहून जाणकार सांगतो, पत्र कोणाच्या बोटीनं गेलं. पैसे न भरताही पत्र धाडता येई. मग ते घेणाऱ्याकडून वसूल होत. पण अर्धवट पैसे भरले, तर ते भरलेच नाहीत असं धरलं जाई!

पुढे दर उतरला. १८६८ मध्ये १२ सेंट, १८७० मध्ये ६. बर्नच्या १८७४ च्या करारानं टपालसंघ स्थापन झाला आणि १ जुलै १८७५ पासून दर झाला ५ सेंट. ज्या देशानं हशील घेतलं, ते त्यानंच ठेवायचं असं ठरलं आणि लाल आकड्यांची गरज संपली. १८७६ मध्ये हिंदुस्थानही या संघात आला.

तेव्हा वाचकहो, आजी-आजोबांच्या ट्रंकेत जुनी पाकिटं सापडली, तर कात्री लावू नका. तिकीट सांगतं पैसे किती भरले. ते कोणाच्या वाट्याला गेले, हे पाकीट सांगतं.